भंगार यादी, अनुक्रमांक १७

सबमिशनच्या तारखा बघायला नोटीस बोर्डापाशी गेले होते. तारखा नव्हत्याच (नेहमीप्रमाणे), पण शेजारी एक टाइप केलेली यादी लावली होती. शीर्षक होतं, 'निर्लेखित करावयाचे साहित्य'. आता निर्लेखित म्हणजे काय हे मला शिपाईकाकांना विचारावं लागलं. कॉन्व्हेंटचा माल, काय करणार! ते म्हणाले, "अगं, भंगार." तुटकी स्टुलं, चार मॉनिटर, एक प्रिंटर, पाय मोडलेला फळा असं करत करत अनुक्रमांक १७ आला : 'व्हॉल्व्ह अँप्लिफायर, १ नग, नादुरुस्त'.

माझा आक्षेप त्या शेवटच्या शब्दाला आहे.

नादुरुस्त आहे हे कुणी ठरवलं, म्हणून स्टोअरमध्ये विचारायला गेले. तिथे कळलं ते असं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याची वायर सॉकेटमध्ये घातली, बटण दाबलं, जळका वास आला, बटण बंद केलं. झालं निदान! एखादा माणूस कित्येक वर्षं अंथरुणावर पडून आहे, त्याला उठवून एकदम ग्राउंडला शंभर मीटर पळवायचा आणि तो पडला की 'मृत' असं लिहून टाकायचं, तसलाच हा प्रकार. जाळीच्या दारातून मी तो बघितला. चार मोठे व्हॉल्व्ह, दोन लठ्ठ ट्रान्सफॉर्मर आणि त्यावर बोटभर धूळ. स्टोअरचे काका म्हणाले की पूर्वी कॉलेजच्या गॅदरिंगला हाच वाजायचा, असं त्यांनी त्यांच्या आधीच्या काकांकडून ऐकलंय.

तुम्ही म्हणाल, हिला एवढा कळवळा का? तर त्याला कारण आहे, आणि ते कारण मिरजेला आमच्या माजघरात एका लाकडी पेटीत बसलेलं आहे.

माझ्या आजोबांनी १९६६ साली, मुंबईत नोकरीला असताना, स्वतःच्या हाताने एक अँप्लिफायर बांधला. सर्किट त्यांचं नाही. इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीने पन्नाशीच्या दशकात हौशी लोकांसाठी एक डिझाइन छापून दिलं होतं, 'फाइव्ह-टेन' नावाचं. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट, म्हणून फाइव्ह-टेन. पुढे ईएफ ८६, मग ईसीसी ८३, शेवटी ईएल ८४ ची जोडी, आणि एसीचं डीसी करायला एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह. आजोबांनी ते वहीत उतरवून घेतलं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडच्या मागे एकाकडून गुंडाळून घेतला. व्हॉल्व्ह मात्र देशी होते. आपल्या बीईएलने बंगलोरला १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. (आपल्या प्लेसमेंटच्या यादीत असते तीच ही बीईएल. आपण तिला रडारवाली कंपनी म्हणून ओळखतो.) त्या अँप्लिफायरवर त्यांनी वीस-बावीस वर्षं तबकड्या ऐकल्या. मग टेपरेकॉर्डर आला, मग टीव्ही, आणि पेटीवर आजीने भरतकामाचा रुमाल टाकून फुलदाणी ठेवली.

सेकंड इयरच्या सुट्टीत मी फुलदाणी उचलली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मी हे 'जुनं ते सोनं' म्हणून लिहीत नाहीये. असं म्हणणाऱ्या लोकांचा मला भयंकर राग येतो, त्यांच्यावर पुढे येतेच. पण आधी काम काय होतं ते सांगते, कारण आपल्याकडे 'रिस्टोअर करणं' म्हणजे पुसून पॉलिश मारणं असा समज आहे.

पहिला नियम : बटण दाबायचं नाही. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आजोबांच्या भाषेत कंडेन्सर) वर्षानुवर्षं बंद पडले की त्यांच्या आतल्या अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर खराब होतो. त्यांना एकदम तीनशे व्होल्ट दिले तर ते शॉर्टसारखे वागतात. गरम होतात, फुटतात, आणि जाताना रेक्टिफायरला आणि मेन्स ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. म्हणून मेन्सच्या वायरीत एक साधा शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि सगळा व्होल्टेज स्वतःवर घेतो. बल्ब तंतूवालाच पाहिजे, एलईडी चालत नाही. तसला बल्ब शोधायला मला मिरज-सांगली मिळून अर्धा दिवस फिरावं लागलं. व्हॉल्व्ह एका दिवसात मिळाले, बल्ब नाही!

दुसरा नियम मी शिकले तो कोपरापर्यंत झिणझिण्या येऊन. रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह काढून ठेवले होते, प्लग काढला होता, चांगली दोन मिनिटं थांबले होते. मग हात घातला. पन्नास मायक्रोफॅरड, तीनशे व्होल्ट, हाफ सीव्ही स्क्वेअर करून बघा : सव्वादोन ज्यूल. ओरलमध्ये हा फॉर्म्युला मी धडाधडा म्हटला होता. पण करंट ओढणारे व्हॉल्व्हच जागेवर नसतील तर तो चार्ज जाणार कुठे, हे डोक्यात आलंच नाही. आजोबा ओरडले नाहीत. म्हणाले, "एक हात पाठीमागे धरायचा, आणि आधी रेझिस्टन्स लावून कंडेन्सर रिकामा करून मीटरने बघायचं." त्यांच्या काळी म्हणे दुसरा हात पॅन्टच्या खिशात ठेवायचे. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता.

आता खरी मजा. नवीन फिल्टर कपॅसिटर घातल्यावर अँप्लिफायर लागला. थोडा वाजला. आणि पाचेक मिनिटांत एका ईएल ८४ ची आतली प्लेट निखाऱ्यासारखी लाल व्हायला लागली. माझा भाऊ म्हणाला, "व्हॉल्व्ह गेला, दुसरा आण." माझ्याही मनात तेच. आजोबा म्हणाले, "आधी मोज."

मोजलं. कॅथोडवर साधारण ११ व्होल्ट हवेत, तिथे १७. कॅथोडचा रेझिस्टर २७० ओहम. म्हणजे जिथे चाळीसेक मिलिअँपिअर जायला हवेत तिथे त्रेसष्ट जात होते. ईएल ८४ च्या प्लेटने जास्तीत जास्त १२ वॅट उष्णता सोसायची असते, इथे हिशोब १५ च्या वर चालला होता. लाल होणार नाही तर काय! पण इतका करंट का? व्हॉल्व्ह काढून ग्रिडच्या पिनवर मीटर लावला. तिथे शून्य हवं, होते सहा व्होल्ट. आधीच्या स्टेजचा डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडायचं काम ज्या कागदी कपॅसिटरचं, तो गळत होता. बिचारा व्हॉल्व्ह निर्दोष होता. एवढासा कपॅसिटर बदलला आणि प्लेट परत काळी झाली.

दोस्तहो, सांगायचा मुद्दा हा आहे की त्या अर्ध्या तासात मी जेवढं बायसिंग शिकले तेवढं दोन सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते. यात आमच्या शिक्षकांचा दोष नाही. लॅबमध्ये आपण ७४१ वर प्रयोग करतो. ती आठ पायांची काळी पेटी. सिग्नल इकडून गेला, तिकडून आला, रीडिंग घेतलं, ग्राफ काढला (किंवा मागच्या बॅचचा उतरवला, खोटं कशाला बोला). आत काय झालं ते बघायची सोयच नाही. व्हॉल्व्हच्या चेसिसमध्ये प्रत्येक जोड उघडा असतो. ईएफ ८६ नंतर वेव्ह कशी दिसते, फेज स्प्लिटरनंतर तिच्या दोन उलट्या प्रती कशा होतात, सगळं सीआरओवर बघता येतं. फीडबॅकचंच घ्या. हॅरोल्ड ब्लॅकला १९२७ साली न्यूयॉर्कला जाताना फेरीबोटीत निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली, हे आपण सगळे परीक्षेत 'इंट्रोडक्शन' म्हणून लिहितो. फाइव्ह-टेनमध्ये तो फीडबॅक म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून मागे येणारी एक वायर आणि एक रेझिस्टर. आवाज अगदी कमी ठेवून ती वायर सोडवा. गेन वाढतो, बास सैल होतो, पार्श्वभूमीची घरघर वर येते. परत जोडा, सगळं जागेवर. आणि चुकून ट्रान्सफॉर्मरच्या वायरी उलट्या लावल्या तर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह होऊन तो असा केकाटतो की शेजारच्या काकू बघायला येतात. आल्या होत्या.

आता भक्तमंडळींकडे येते.

माझ्या एका मामाला अशा वस्तूंचा शौक आहे. त्याचं म्हणणं, व्हॉल्व्हचा आवाज 'वॉर्म' असतो, ट्रान्झिस्टरमध्ये जीव नसतो. कारण विचारलं तर म्हणतो, व्हॉल्व्ह सेकंड हार्मोनिक देतो, ते कानाला गोड लागतं. हे वाक्य त्याने वाचलंय कुठेतरी. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या, फीडबॅक नसलेल्या अँप्लिफायरबद्दल ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण आजोबांचा अँप्लिफायर पुश-पुल! दोन व्हॉल्व्ह उलट्या फेजमध्ये काम करतात आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये त्यांच्या सेकंड हार्मोनिकचं एकमेकांशी वजाबाकी होऊन जाते. त्यातून वर फीडबॅक. चांगल्या तब्येतीचा फाइव्ह-टेन दहा वॅटलाही एक टक्क्यापेक्षा कमी डिस्टॉर्शन देतो. मग हा 'गोडवा' येतो कुठून?

उत्तर आम्हाला घरातच मिळालं. दुरुस्तीच्या आधी तो थोडा वेळ वाजला होता, तेव्हा मामा तिथे होता आणि डोळे मिटून माना डोलावत होता. मग मी गळके कपॅसिटर बदलले, किंमत वाढलेले कार्बनचे रेझिस्टर बदलले (एक तर १०० किलोओहमचा १५० वर गेला होता), मीटरने सगळं सर्किटप्रमाणे आणलं. दिवाळीत मामा परत आला. ऐकलं आणि म्हणाला, "बिघडवलंस गं. पहिला गोडवा गेला." तबल्याची थाप आता टणक येत होती, तंबोऱ्याच्या जवारीची कड दिसत होती, आणि हे त्याला नको होतं! तो ज्याच्यावर खूश होता तो बिघाड होता. आजोबा खुर्चीत बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "सहासष्टला असाच वाजायचा."

यावरून मला कळेना की मी अँप्लिफायर रिस्टोअर केला की मामाचा आवडता अँप्लिफायर मोडला. या प्रश्नावर मी अजूनही विचार करते. माझं मत असं : ज्याने बांधला त्याला जसा हवा होता तसा करणं म्हणजे दुरुस्ती. आपल्या आठवणीतल्या धुरकट आवाजाला चिकटून बसणं म्हणजे फुलदाणी ठेवण्याचाच दुसरा प्रकार. वर काहीजण जुना, न वापरलेला, अमुकच फॅक्टरीचा व्हॉल्व्ह पाहिजे म्हणून हजारो रुपये मोजतात. मीही एका दुकानात फसले. एकाच छापाचे, एकाच नंबरचे दोन ईसीसी ८३ घेतले आणि घरी येऊन बघते तर आतल्या प्लेटींची ठेवण सरळसरळ वेगळी! कुठल्यातरी साध्या व्हॉल्व्हवर मोठ्या नावाचा शिक्का. त्यापेक्षा नवीन घ्यावा. स्लोव्हाकियात, रशियात, चीनमध्ये आजही व्हॉल्व्ह तयार होतात, तेही मुख्यतः गिटार अँप्लिफायर वाजवणाऱ्यांच्या कृपेने.

दुसऱ्या टोकाचे भक्तही असतात. त्यांचं तत्त्व, सगळं मोठं घाला. फिल्टरला ५० ऐवजी २२० मायक्रोफॅरड, कारण जास्त म्हणजे चांगलं. त्या छोट्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला ५० ची मर्यादा डेटाशीटमध्ये स्पष्ट दिलेली असते. मोठा कपॅसिटर प्रत्येक सायकलला करंटचा असा घोट घेतो की रेक्टिफायर त्यातच संपतो. आणि तिसरे भक्त म्हणजे 'ओरिजिनल'वाले, दोन पिनांचा प्लगसुद्धा बदलू न देणारे. लोखंडी चेसिस, आत तीनशे व्होल्ट, अर्थिंग नाही! मी सरळ तीन पिनांची वायर लावली आणि चेसिस अर्थ केला. काढलेले सगळे जुने कपॅसिटर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या आत बांधून ठेवलेत. कुणाला इतिहास पाहिजे असेल त्याने पिशवी सोडावी.

विरोधकांचीही बाजू मांडते, नाहीतर ग्रुप डिस्कशनमध्ये मार्क जातात. आजोबांचा अँप्लिफायर दहा वॅट आवाज द्यायला पन्नासेक वॅट खातो. त्यातले सोळा वॅट तर नुसत्या हीटरमध्ये. मिरजेच्या मे महिन्यात त्याच्याशेजारी बसवत नाही. माझ्या पार्टनरकडे हातावर मावेल असा क्लास डी चा बोर्ड आहे, दोन-तीनशे रुपयांचा. तो त्याच्यापेक्षा जास्त पॉवर देतो, गरम होत नाही आणि खरं सांगायचं तर छान वाजतो. रोजच्या गाण्यांना हॉस्टेलवर मी तोच वापरते. म्हणजे व्हॉल्व्ह श्रेष्ठ आहे म्हणून वाचवा, असं माझं म्हणणंच नाही. माझं म्हणणं एवढंच की तो बोर्ड बिघडला तेव्हा आम्ही काय केलं? कचऱ्यात टाकला आणि नवीन मागवला. पहिला का गेला हे दोघीही इलेक्ट्रॉनिक्सच्या असून आम्हाला आजतागायत माहीत नाही. साठ वर्षांपूर्वीची वस्तू का बिघडली हे मी सहा व्होल्टपर्यंत सांगू शकते.

"पण हे आउट ऑफ सिलॅबस आहे," असं मला एका सीनियरने ऐकवलं. अरे, मग सिलॅबसमधलं तरी कुठे...? असो. तो विषय वेगळा.

परत अनुक्रमांक १७ कडे. भंगारवाला तो किलोवर घेणार. त्याला रस असेल तो तांब्यात, म्हणजे पहिला घाव ट्रान्सफॉर्मरवर पडणार. आणि नेमका आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाच असा भाग आहे जो दुकानात जाऊन विकत आणता येत नाही. व्हॉल्व्ह मिळतात, कपॅसिटर पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात. ट्रान्सफॉर्मर मात्र कुणाकडून तरी मुद्दाम गुंडाळून घ्यावा लागतो, आणि थरावर थर, मध्ये मध्ये सेकंडरी, अशी ती गुंडाळी करणारी माणसं आता फार थोडी राहिलीत. तेवढा तरी शाबूत आहे का हे मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. दोन मिनिटांसाठी दार उघडायला परवानगी लागते.

तेव्हा सरांना आणि मॅडमना (वाचत असाल तर) विनंती. तो १७ नंबर यादीतून काढून वर्षभरासाठी आमच्याकडे द्या. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक टेबल, एक कुलूप. रबरी मॅट लॅबमध्ये आहेच. काम करताना कायम दोघंजण, एकटं कुणी हात लावायचा नाही, आणि लॅब असिस्टंट असल्याशिवाय मेन्स चालू करायचा नाही, हे आम्ही लिहून देऊ. स्पीकर न जोडता सिग्नल द्यायचा नाही, हेही. (भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतो आणि आत ठिणगी पडते. मग खरंच भंगार.) खर्चाचा माझा अंदाज कपॅसिटर-रेझिस्टरपुरता दीड-दोन हजार, तो वर्गणीने होईल. व्हॉल्व्ह गेले असतील तर वेगळा विचार करू. वर्षात जमलं नाही तर तुमची यादी आहेच, पुढच्या वेळी आम्हीच उचलून ट्रकमध्ये ठेवू.

आजोबांना मी फोनवर हे सगळं सांगितलं. ते आता त्र्याऐंशीचे आहेत, वरच्या पट्टीतलं फारसं ऐकू येत नाही. तंबोऱ्याची ती कड माझ्याइतकी त्यांना ऐकू येत नसणार, हे मला दिवाळीतच कळलं होतं. त्यांनी विचारलं, "आउटपुटला कोणते व्हॉल्व्ह आहेत?" म्हटलं, धुळीत नंबर दिसला नाही. म्हणाले, "मग फडकं घेऊन जा ना."

फडकं तयार आहे. अर्जही दिलाय, त्यावर आत्तापर्यंत नऊ सह्या झाल्यात, सात मुलं आणि आम्ही दोघी. ऑफिसमध्ये म्हणाले की दहा तरी पाहिजेत, म्हणजे 'पुटअप' करता येईल. अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत ट्रक येऊन गेलेला नसेल तर रात्री साडेआठनंतर मी मेसच्या बाहेर असते. पेन मी आणेन.